मिलाग्रोसच्या नावावर

"मिलाग्रोसताई, तुमचा पासवर्ड सांगा ना, माझा चालेना," नवी नर्स पलीकडून म्हणाली. सलाईन लावता लावता मिलाग्रोसने तो सांगून टाकला.

इलोइलो शहरातल्या त्या इस्पितळात हे रोजचंच होतं. वॉर्ड गच्च भरलेला, नर्सा मोजक्या आणि संगणक एकच. तोही जरा हात काढला की बंद व्हायचा आणि पुन्हा पासवर्ड मागायचा. डॉक्टरांच्या फेरीआधी नोंदी झाल्या नाहीत, तर मुख्य परिचारिका रेमेडिओस मॅडम सगळ्यांदेखत वाभाडे काढायच्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. मिलाग्रोसने सकाळी आपल्या नावाने संगणक उघडायचा आणि पाळी संपेपर्यंत तसाच ठेवायचा. तिने कुरकुर करून पाहिली.

"नियम सांभाळशील की रुग्ण?" मॅडमनी विचारलं. दुसऱ्या सकाळपासून ती तसंच करू लागली.

पुढे जोसेलिन दाखल झाली, जवळच्या गावातली तरुण शिक्षिका. न्यूमोनिया म्हणून आली आणि रक्तात एचआयव्ही निघाला. "आईला मीच सांगेन. बाकी कुणाला कळू देऊ नका," ती म्हणाली. मिलाग्रोसने शब्द दिला. औषधं नीट घेतलीस तर म्हातारी होशील, असं समजावलं. त्यावर जोसेलिन पहिल्यांदा हसली.

ती घरी पोहोचायच्या आत बातमी गावात पोहोचली. पालकांनी ओरड केली, शाळेने तिला घरी बसवलं.

इस्पितळाच्या चौकशीत नाव निघालं मिलाग्रोसचं. जोसेलिनच्या रक्ताचा अहवाल संगणकावर तिच्या नावाने उघडला गेला होता, पण त्या वेळी ती एका धाप लागलेल्या म्हाताऱ्याला प्राणवायू लावत होती. रेमेडिओस मॅडम मान खाली घालून म्हणाल्या, संगणक उघडा ठेवायला आपण कधीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याचं डायलिसिस तिथेच सवलतीत चाले. मिलाग्रोसने मॅडमचं नाव न घेता जबाबावर सही केली.

तिची नोकरी गेली. अहवाल कुणी पाहिला ते कळलंच नाही. वॉर्डातला संगणक आता दुसऱ्या नर्सच्या नावाने दिवसभर उघडा राहू लागला.

एका दुपारी ती जोसेलिनच्या घरी गेली. आईने तिला इस्पितळातली नर्स म्हणून ओळखलं, बसवलं, कॉफी दिली. पोरगी मनिलाला निघून गेली होती. फोन उचलत नव्हती. औषधाच्या बाटल्या सील न फोडता कपाटावर राहिल्या होत्या.

"कुणी सांगितलं असेल हो?" आईने विचारलं.

"अहवाल माझ्या नावावरून उघडला गेला, काकी."

आईने मिलाग्रोसपुढचा भरलेला कप उचलून आत नेला आणि परत येऊन दार उघडं धरून उभी राहिली.