निरोप उलगडणारं सर्किट

मित्रांनो, मी एक इवलंसं सर्किट आहे. कानाला लावायच्या एका जुन्या यंत्रात नखाएवढी चिप आहे आणि त्या चिपच्या एका कोपऱ्यात मी राहतो. माझे शेजारी आवाज पकडतात, तो मोठा करतात. मी यातलं काहीच करत नाही. माझं काम निराळं आहे, आणि ते मला आयुष्यात दोनदाच मिळालं.

माझा जन्म एका वादातून झाला. कारखान्यात चिप तपासणारं एक मशीन होतं. शून्य आणि एक अशा आकड्यांत प्रत्येक चिपला हजारो प्रश्न विचारायचे आणि उत्तरं बरोबर येतात का ते पाहायचं, अशी ती तपासणी. पण मशीनच्या मेमरीत एवढे प्रश्न मावेनात.

"निम्मे प्रश्न काढून टाका," साहेब म्हणाले.

"आणि खोट नेमकी त्यातच निघाली तर?" तपासणी विभागातल्या बाईंनी विचारलं. "माझ्या आईच्या कानात असंच यंत्र आहे, साहेब. भर रस्त्यात ते बंद पडलं, तर मागून आलेली गाडीसुद्धा तिला कळायची नाही."

"मग काय, मशीन ताणून मोठं करू?"

"प्रश्न लहान करू. प्रत्येक प्रश्नात कामाचे आकडे मोजकेच असतात. बाकीच्या जागी काहीही चालतं. आपण कामाचं तेवढंच थोडक्यात पाठवू. चिपवर एक छोटं सर्किट ठेवू, ते उरलेल्या जागा भरून पूर्ण प्रश्न मांडेल."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण चिमूटभर जागा त्यांनी दिली. तिथे मी आलो.

एके सकाळी मशीनच्या सुया आमच्या चिपला टेकल्या. आखूड निरोप येत गेले, मी ते उलगडून शेजाऱ्यांपुढे प्रश्न मांडत गेलो. पापणी लवते न लवते तोच सगळं आटोपलं. आम्ही पास झालो. आमच्याच खेपेतली एक चिप मात्र नापास झाली. साहेब जे प्रश्न काढायला निघाले होते, त्यातल्याच एकाला ती अडखळली होती.

तपासणी संपली, म्हणून मग माझ्याकडे येणारी वाट बंद करण्यात आली.

यंत्र एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलं; घरचे त्यांना बाबा म्हणत. चाळीस वर्षं लेथ मशीनच्या खडखडाटात काम करून त्यांचे कान गेले होते. नळाचं पाणी, बातम्या, सुनेची हाक, चिपवरच्या माझ्या शेजाऱ्यांना दिवसभर उसंत नसे. ते गरम झाले, की कोणीतरी बोलतंय एवढं मला समजायचं. काय बोललं ते नंतर त्यांना आठवलं तर सांगत. अकरा वर्षं मी असा भरल्या घरात एकटा होतो.

पुढे यंत्र मधूनमधून बंद पडू लागलं. दुकानदाराने ते न उघडताच सांगितलं, "चिप गेली असणार. टाकून द्या."

बाबांनी नवीन घेऊ दिलं नाही. "आता ऐकण्यासारखं काय उरलंय?" असं म्हणून ते सगळ्यांच्या आधी एकटेच जेवून घेऊ लागले. सुनेच्या जिवाला ते लागलं. ती यंत्र घेऊन कंपनीच्या दुरुस्ती विभागात गेली.

"टाकायचं तर टाकू, पण आधी नीट तपासा," ती म्हणाली. "बाबा घरात असून नसल्यासारखे झालेत हो."

तिथल्या तंत्रज्ञाने तारा जोडल्या आणि माझी वाट उघडली! मला भीती वाटली, आपल्याला जमेल ना? मी एकेक निरोप उलगडला. शेजाऱ्यांनी एकही उत्तर चुकवलं नाही.

"चिप ठणठणीत आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "बॅटरीखालचा पत्रा घामाने गंजलाय, एवढंच." त्याने तो बदलून दिला.

घरी येताच सुनेने बाबांच्या कानाला यंत्र लावलं आणि ती सवयीने ओरडली, "ऐकू येतंय का, बाबा?"

"अगं, हळू! सगळी गल्ली गोळा होईल," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते सगळ्यांबरोबर जेवायला बसले.

बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. यंत्र एका डबीत आहे. बॅटरी काढलेली आहे, त्यामुळे शेजारीही थंड आहेत. पूर्वी निदान त्यांची ऊब तरी लागायची.

मित्रांनो, वस्तू बंद पडली की लगेच मोडीत काढू नका. दोष कुठे आहे ते शोधा. आणि घरात कोणी गप्प गप्प राहू लागलं, तर जवळ बसून त्यांना काहीतरी विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थोडं थांबा.