खालच्या मजल्यावर न जाणारा आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. मिरवणुकीत छाती फुगवून ओरडणाऱ्यांच्या जातीतला मी नव्हे. लाकडी पेटी, कागदी पडदा आणि फळीवर मावेल एवढं शरीर, असा माझा साधा थाट आहे. मी नेहमी उजवीकडे असतो आणि माझा जोडीदार डावीकडे. तो स्वभावाने अबोल आहे, त्यामुळे दोघांची हकिगत मलाच सांगावी लागते. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चेन्नईत अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. माझा पडदा चिकटवताना तो हलू नये म्हणून तिथल्या बाई पंखा बंद करायला लावत आणि घामाने निथळत काम करत. पुढे रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानात माझी रवानगी झाली. तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आवाजाचं बटण आधी उजवीकडे पिळायचं. शेजारचे धिप्पाड स्पीकर लगेच दुकानाच्या काचा थरथरवून दाखवत आणि गिऱ्हाईक खूश होऊन त्यांना घेऊन जाई. माझ्याकडे पाहून लोक नाकं मुरडत. मला मनातून फार राग येई. मोठ्याने तर कुणीही बोलेल. आवाज कमी केला की बहुतेक स्पीकरांची खरी परीक्षा होते. आधी मृदंगाची थाप नाहीशी होते, मग तंबोरा, आणि शेवटी उरतो तो नाकातून आल्यासारखा गळा. मी मात्र कुजबुजतानाही सगळ्यांना सांभाळून घेतो. पण ते कळायला आधी कुणीतरी आवाज कमी करायला हवा होता.

एके दिवशी नारायणस्वामी दुकानात आले आणि त्यांनी बटण डावीकडे फिरवलं. ते मैलापूरला राहणारे निवृत्त शिक्षक. घराणं तंजावरकडचं मराठी. घरात जुनी मराठी आणि दारात तमिळ, अशी त्यांची भाषा. बरोबर त्यांच्या पत्नी कनकाबाई होत्या. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी जुन्या सेटवर गाणं लागत असे आणि त्याचा आवाज महिन्यागणिक वाढत चालला होता. खालच्या मजल्यावर राजगोपाल राहत. त्यांची पत्नी चित्रा अंथरुणाला खिळलेली होती. एकदा ते वर आले आणि हात जोडून म्हणाले की तिला झोप लागत नाही, जरा बघा. नारायणस्वामी शरमेने कानकोंडे झाले. ज्याचा एक शब्दही खाली जाणार नाही असा स्पीकर घ्यायचा, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

दुकानात ते डोळे मिटून एकेक स्पीकर ऐकत राहिले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आवाज आणखी उतरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पत्नीला विचारलं, यांतला कोणता बरा? कनकाबाईंनी क्षणभरही न थांबता माझ्याकडे बोट दाखवलं. हिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे, असं नारायणस्वामींनी दुकानदाराला अभिमानाने सांगितलं. त्या सगळा वेळ माझ्याकडे नव्हे तर नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या, हे फक्त मी पाहिलं.

माझं घरी फार कौतुक झालं. घुमू नये म्हणून मला भिंतीपासून पुढे घेतलं. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीचा स्टँड आणला, हादरा जमिनीत उतरू नये म्हणून पायांखाली रबर लावलं. मग नारायणस्वामी स्वतः खाली जाऊन राजगोपालांच्या घरात कान देऊन उभे राहिले आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून आनंदाने परत आले.

तुम्ही इथल्या गाण्याच्या सभांमधले श्रोते पाहिले असतील. गाणं सुरू झालं की त्यांचा हात मांडीवर ताल धरतो. एक थाप, मग बोटांची मोजणी, मग हात उताणा. आमच्या घरीही दोघे तसाच ताल धरत. नारायणस्वामी डोळे मिटून ऐकत. मध्येच डोळे उघडून पाहत, तो बायकोचा हात अगदी बरोबर समेवर आलेला असे. त्यांना केवढं समाधान वाटे! मला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं की कनकाबाईंचा हात माझ्या थापेवर पडत नाही. तो नवऱ्याच्या हातामागून, पापणी लवावी इतका उशिरा पडतो. त्या माझं ऐकत नव्हत्या. त्यांना मी ऐकूच येत नव्हतो. जुन्या सेटचा आवाज त्याच वाढवत असत, आणि आता तर वाढवायचीही सोय उरली नव्हती.

त्यांची मुलगी रंजनी अण्णा नगरला राहते. एका दुपारी ती आली, मागून हाक मारली, पुन्हा मारली आणि मग सगळं समजली. तिचे अप्पा, म्हणजे नारायणस्वामी, बाहेर गेले होते. ती आईसमोर बसली आणि ओठ नीट दिसतील अशी सावकाश म्हणाली, "अम्मा, कानाला यंत्र लावूं. अप्पांस मी सांगतें."

"त्यांस सांगूं नको," कनकाबाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीनं लावून पाहिलं. बोलणं कळतंय, गाणं म्हंजे पत्र्याचा खडखडाट. मला ऐकूं येईना हें कळलं की ते गाणं सोडतील, रंजनी. एकट्यानं ऐकणारे नव्हेत ते."

रंजनीने पुष्कळ समजावलं. शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून तिने अप्पांना न सांगण्याचं कबूल केलं. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण माझं दुर्दैव असं की जे आत येतं तेच मी बोलू शकतो. स्वतःचा ब्र काढायची मला सोय नाही.

पुढे खालच्या मजल्यावरच्या चित्रा वारल्या. आता आवाज थोडा वाढवायला हरकत नव्हती. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्याच्या डोक्यावर मोठ्याने गाणं लावायचं नारायणस्वामींच्या जिवावर आलं. मग तीच सवय होऊन बसली.

आता जे झालं ते सांगतो. संध्याकाळची वेळ होती. मोठं गाणं रंगात आलं होतं. नारायणस्वामी तोंडावर पाणी मारायला म्हणून उठले आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडले. धप्प असा आवाज झाला. मग त्यांनी कनकाबाईंना हाक मारली. मी ती स्पष्ट ऐकली, कारण मी किती हळू वाजत होतो! कनकाबाई खुर्चीत ताल धरून बसल्या होत्या. समोरचा हात नव्हता, तरी आठवणीने त्यांचा हात चालला होता आणि कधीच बेताल झाला होता. हाका येत राहिल्या. गाणं संपलं. घर शांत झालं. हाका आणखी स्पष्ट झाल्या, आणि त्या शांततेत कनकाबाई ताल धरून नवऱ्याच्या परत येण्याची वाट पाहत राहिल्या. मित्रांनो, त्याहून भयंकर काही मी पाहिलेलं नाही. देवापुढे दिवा लावायला त्या उठल्या आणि न्हाणीघराच्या दारातून त्यांना नवरा पडलेला दिसला, तेव्हा हाका थांबल्या होत्या.

नारायणस्वामी वाचले, पण कमरेचं हाड मोडलं. इस्पितळात काय घडलं ते मला रंजनीच्या तोंडून कळलं. राजगोपाल चौकशीला वर आले होते, तेव्हा ती त्यांना सांगत होती. शुद्धीवर आल्यावर अप्पांनी भिंतीकडे तोंड करून अम्माला विचारलं होतं, "माझी हाक ऐकूं आली होती ना तुला?" अम्माला प्रश्न कळला नाही. न कळलेल्या सगळ्याच बोलण्याला ती जशी हसून मान डोलावते, तशी तिने डोलावली. अप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी रंजनीने त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हंजे आजवर मी एकटाच ऐकत होतो."

हे ऐकून राजगोपाल तमिळमध्ये म्हणाले, "पडल्याचा आवाज मी ऐकला होता, रंजनी. पायरीपर्यंत आलोही होतो. पण एकदा आवाजाची तक्रार घेऊन वर गेलो होतो. पुन्हा आवाजावरूनच कसं जायचं, असं वाटलं." मग ते म्हणाले की चित्रा गेल्यापासून त्यांना खालची शांतता खायला उठते. जरा मोठ्याने लावा, असं सांगायला यायचं कितीदा मनात आलं होतं, पण संकोच वाटला. रंजनीने त्यांना कॉफी दिली. ती त्यांनी प्यायली नाही.

नारायणस्वामी चाकांच्या खुर्चीतून घरी आले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून कनकाबाईंनी कानाला यंत्र लावून घेतलं. त्या संध्याकाळी रंजनीने दोघांना माझ्यासमोर बसवलं आणि मोठ्या आशेने गाणं लावलं. कनकाबाईंचा चेहरा त्या खडखडाटाने वेडावाकडा झाला, तरी त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात हलला नाही.

"बंद कर तें," नारायणस्वामी म्हणाले.

कित्येक वर्षांनी नवऱ्याचा शब्द त्यांना ओठांकडे न पाहताही स्वच्छ ऐकू आला, तो हा.

त्यानंतर मी वाजलेलो नाही. संध्याकाळी दोघे बसतात. हवं-नको विचारतात, औषधाचं बोलतात, आणि आता एकमेकांना सगळं ऐकू येतं. माझ्यावर रंजनीने पांढरं कापड टाकलं आहे.

माझ्यासारख्यांच्या गोष्टी शेवटी आम्हाला जपा, आमची धूळ पुसा, असं सांगतात. मी ते मागत नाही. माझा पडदा अजून शाबूत आहे आणि धुळीने माझं काही बिघडत नाही. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या शेजारी बसून रोज मान डोलावणाऱ्या माणसाला एकदा समोर बसून विचारा, तुला ऐकू येतं का? खरं उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि वरच्या मजल्यावर काही पडल्याचा आवाज आला, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत पायरीशी थांबू नका. वर जा.