शून्य नव्हे, ओ!

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. रक्तपेढीच्या संगणकात, रक्तदात्यांच्या तक्त्यात राहतो. नाव 'रक्तगट'. पण 'बिचारा' म्हणून च्च् च्च् करायचं नाही हं, आधीच सांगतो!

मला बनवताना बनवणाऱ्याने विचारलं, "केवढा ठेवू?" साहेब चहा ढवळत म्हणाले, "ठेव ऐसपैस. असू दे, लागेल कधीतरी." झालं! लिहायचं 'ओ निगेटिव्ह' एवढंच, आणि प्रत्येक दात्यामागे जागा अख्ख्या परिच्छेदाची. जागा दिसली की माणसं पसारा मांडतातच. कुणी लिहिलं 'बी पॉझ', कुणी 'आईला विचारून सांगतो'. मी असा फुगलो की काही शोधायचं म्हटलं तर संगणक धापा टाकायचा. त्यात फोन नंबर सांगताना शून्याला 'ओ' म्हणायची आपली सवय! आमचे शिंपीकाका ओ निगेटिव्हचे दाते, पण टंकलेखिकेने त्यांच्या नावापुढे ओ अक्षराऐवजी शून्याचा आकडा दाबला.

मग एका बाळंतिणीला तातडीने ओ निगेटिव्ह रक्त लागलं. तिचा भाऊ बाकावर बसून रडत होता. खिडकीवरच्या ताईंनी शोधलं, तर उत्तर आलं, 'कुणी नाही'. कुणी नाही कसं? शिंपीकाका मागच्याच गल्लीत मशीन चालवत बसले होते! रक्त दुसऱ्या गावाहून आलं, बाई जेमतेम वाचली. सगळे माझ्यावर घसरले. माझा काय गुन्हा? मला पोतं केलं कोणी?

नव्या इंजिनिअरबाईंनी सगळा घोळ निस्तरला आणि मला कापून लहान केलं. आठ गटांची यादी, त्यातलाच एक निवडायचा. माझ्यात राहतो फक्त त्या गटाचा यादीतला छोटा क्रमांक. साहेब कुरकुरले, "अहो, नववा गट निघाला तर?"

"तर यादीत एक ओळ वाढवू. पाहुणा येईल कधीतरी, म्हणून आजच दहा खोल्या बांधायच्या का?"

परवा टंकलेखिकेने यादीतून निवडायचं सोडून पुन्हा शून्य दाबलं. मी लाल अक्षरांत अडून बसलो. चालणार नाही म्हणजे नाही!

"मेला हट्टी!" ती करवादली, आणि मुकाट्याने यादीतला 'ओ निगेटिव्ह' निवडला. द्या शिव्या, मी बधत नाही. तो भाऊ मी विसरलेलो नाही.

तेव्हा मित्रांनो, रकाना बनवाल तेव्हा आधी विचारा, आत राहणार कोण? तेवढंच माप घ्या. आणि मला पुन्हा ऐसपैस करायला आलात तर याद राखा! माझी जागा एवढीशीच आहे, पण शिंपीकाकांना हाक मारायला ती पुरते.