आखर

"'रिकामं' हा मराठीतला सर्वांत क्रूर शब्द आहे," असं मी सोजरबाईला गंभीरपणे सांगितलं.

"असन बाबू," ती म्हणाली. "तू अर्ज लिव."

सोजरबाई गावाची गुरं राखते. नवरा गेला तेव्हा त्याची काठी तिनं उचलली, त्याला एकोणीस वर्षं झाली. आसेगावहून येणारी जीप जिथे संपते तिथे आमचं गाव, आणि गाव जिथे संपतं तिथे आखर. सकाळी घरोघरची गुरं सुटून तिथे येऊन उभी राहतात. सगळी जमली की सोजरबाई त्यांना रानात नेते, दिवस कलला की परत आणून सोडते. आखरावर झाड नाही, भिंत नाही, पाटी नाही. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

ग्रामपंचायतीला गावातली प्रत्येक जागा संगणकात भरायची होती. यादीत इमारत, रस्ता, पडीक, रिकामी जागा आणि इतर, एवढेच पर्याय. ग्रामसेविका ज्योत्स्नाताईंनी आखरासमोर 'रिकामी जागा' टाकलं. आता सरकारी कागदावर रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी उभं करावं अशी कुणाला तरी अनावर इच्छा होतेच. आमच्या वाट्याला ओपन जिम आली. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेल्या माणसाला संध्याकाळी व्यायामाची फार गरज असते, हे वर कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं.

"जिम आली त मी ढोरं कुठी जमवू?" सोजरबाईनं मला विचारलं. "तुह्या कालेजात?"

मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात तेवढी जागा रोजच मोकळी असे, पण ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.

अर्ज घेऊन गेलो तर ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "सर, मी 'इतर' टाकून देते ना. पण 'इतर' टाकलं की खाली चौकट उघडते. आखर म्हणजे काय, कुठून आला हा शब्द, कोण्या जाणकार माणसानं लिहून द्या लागते."

पंचवीस वर्षांत माझ्या विषयाची कुणाला निकड भासल्याची ही पहिलीच वेळ. मी चार पानी टिपण लिहायला घेतलं. बातमी चहाच्या टपरीवर पोचली आणि शब्दाचा उगम सगळ्यांनाच माहीत असल्याचं निघालं.

"त्यात कायचं लिवनं सर?" उदयसिंग म्हणाला. त्याची एक गाय आणि दोन बैल सोजरबाईकडे असत. "आखरी जागा म्हनून आखर. गाव खतम, आखर सुरू."

ज्योत्स्नाताईंच्या मते आखून दिलेली जागा म्हणून आखर. मी कोश उघडला. संस्कृतात आखर म्हणजे जनावराचं बीळ, असं त्यात निघालं. हा शोध मी मोठ्या उत्साहानं सोजरबाईच्या कानावर घातला.

"बिळात?" ती म्हणाली. "म्या काय उंदरं राखली का रे इतके साल?"

टिपण गेलं. मग पाहणीला साहेब आले, भर बारा वाजता. गुरं रानात. साहेबांनी चारी दिशांना पाहिलं आणि लिहिलं : 'प्रत्यक्ष पाहणीत जागा रिकामी आढळली.'

मी त्यांना समजावलं की आखर दुपारी रिकामं असणं म्हणजेच ते चालू असणं. ते म्हणाले, "सर, मला दिसतं तेच लिहावं लागतं."

संध्याकाळी सोजरबाईनं हे ऐकलं आणि ती ओट्यावर टेकली. "बाबू, पोरं शायेत गेले त घराले रिकामं म्हन्ते का कोनी?"

चार पानांत मला जे लिहिता आलं नव्हतं ते हे होतं. पण ते माझ्या ध्यानात यायच्या आधी मी अक्कल लढवली. मंगळवारी अकरा वाजता फेरपाहणी ठरली होती. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी गुरं रानात नेऊच नको. आखरावरच उभी ठेव. साहेबांना दिसू दे."

"चरल्याबिगर ढोर थांबत नाई रे. आन् ऊन पाह्य."

"तास-दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"तू शिकेल हायेस," ती म्हणाली, "म्हनून आयकते."

ऑक्टोबरचं ऊन. अकरा वाजले, बारा वाजले, साहेब आले नाहीत. मी फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. सोजरबाई हातपंपावरून बादली भरून एकेका जनावराच्या तोंडाशी नेत होती, मधेच तुरीकडे धावणाऱ्या गोऱ्ह्यांना वळवत होती. दोनच्या सुमारास उदयसिंगची गाभण गाय खाली बसली आणि उठेना.

साहेब साडेतीनला आले. गाडीवरून न उतरता त्यांनी लिहिलं : 'जागेवर जनावरांचे अतिक्रमण आढळले.'

तिन्हीसांजेला गायीचा गाभ पडला. उदयसिंग सोजरबाईच्या दारात आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सोजरमाय, तुह्या हाती ढोर चाराले देल्तं. साहेबाले दाखवाले नाई. काहून केलं अस्सं?"

मी तिथेच उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "चुकलं बाप्पा माह्यं," एवढंच म्हणाली. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उदयसिंगनं आपली गुरं घरीच बांधली. मग त्याच्या शेजाऱ्यानं बांधली. कुणी भांडलं नाही, कुणी निरोपही पाठवला नाही. सकाळी दाव्यापासून जनावर सुटायचं तेवढं बंद झालं.

फेब्रुवारीत आदेश आला. गावात वाद आहे म्हणून जिमचं सामान दुसऱ्या गावाला देऊन टाकलं होतं, त्यामुळे आमच्या अर्जाला आता कुणाची हरकत उरली नव्हती. कागदावर स्पष्ट छापलं होतं : 'वापर : आखर, गुरे एकत्र जमण्याची जागा.' आधार म्हणून माझ्या टिपणाचा उल्लेख होता, माझं नाव चुकवून.

मी सकाळीच कागद घेऊन आखरावर गेलो आणि सोजरबाईला वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे आता इथून कोनी उठवत नाई?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. नेहमीसारखी थोडा वेळ गावाकडच्या वाटेकडे बघत थांबली. मग काठी उचलली. "चाला गं, ऊन चढून राह्यलं."

त्या दिवशी आखरावर दोन गाई होत्या. दोन्ही तिच्याच.