नळी समोर!

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागे सरकू नका. मी लढाईवर कधी गेले नाही, जंगलात शिकारीलाही गेले नाही. कागदी निशाणावर नेम धरायचा, एवढंच काम मी जन्मभर केलं. तरी माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. लोखंडी कपाटात कुलपाआड उभी असतानासुद्धा एकच विचार मला छळत असतो. आता मला कोण उचलणार, आणि उचलताना माझं तोंड कुणीकडे असणार?

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. नळी लांब आणि जड, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. माझ्यात एका वेळी एकच काडतूस भरतात. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढायचा, काडतूस ठेवायचं, बोल्ट पुढे सारायचा, श्वास आवरायचा आणि चाप दाबायचा. पुन्हा पहिल्यापासून. घाई असलेल्या माणसाला मी कधीच आवडले नाही.

कारखान्यातून मी हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका खेड्यातल्या नेमबाजांच्या क्लबात आले. अशा क्लबाला इथे शुट्झेनफेराइन म्हणतात. गावाच्या कडेला, मक्याच्या शेतांना लागून आमची रेंज आहे. राइनहोल्ट नावाचा एक तरुण पोस्टमन तेव्हा मला वापरायचा. त्याच्या गालाचा ओलसर उबदारपणा माझ्या दस्त्याला अजून आठवतो. त्याने माझ्या जोरावर जिल्ह्याची ढाल जिंकली, तेव्हा गावच्या बँडने आमच्या दारात वाजवलं होतं. लोक मला हात लावून बघत होते. मला वाटलं, हे असंच चालणार.

तसं काही चालत नाही, मित्रांनो. ॲल्युमिनियमच्या दस्त्याच्या नव्या रायफली आल्या. कुणाच्याही खांद्याला बसतील असे त्यांचे स्क्रू फिरवता यायचे. मी कपाटात मागे सरकले. राइनहोल्टच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तोही फक्त गप्पांपुरता येऊ लागला. मग माझ्या शेजारच्या कप्प्यात एक नवं पिस्तूल आलं, काळं, आखूड, पाच गोळ्यांचं मॅगझिन असलेलं. सगळे आधी त्यालाच बाहेर काढत. दार उघडलं की मी आशेने ताठ व्हायचे, आणि दार बंद व्हायचं.

क्लबात एक वाद कायमचा होता. रायफल भरवशाची की पिस्तूल? रायफलीच्या बाजूने राइनहोल्ट. पिस्तुलाच्या बाजूने ट्राउडे. ती गावात औषधांचं दुकान चालवायची आणि रेंजवर देखरेखीला उभी राहायची.

राइनहोल्ट म्हणायचा, "रायफल खांद्याला टेकते, गालाला टेकते, दोन्ही हातांत बसते. चार ठिकाणी धरलेली वस्तू दगा देईल कशी? पिस्तूल म्हणजे मुठीत धरलेला मासा. कधी निसटेल, नेम नाही!"

"तुझ्या रायफलीला टेकू लागतो. तुलाही लागतो," ट्राउडे म्हणायची. "पिस्तुलाला एक हात पुरतो. म्हणून तर कस तिथे लागतो."

"आणि मध्येच अडकतं कोण?"

"स्वस्त काडतुसं घातली तर अडकणारच. त्याला स्वतःची आवडनिवड आहे. अरे, तुझी रायफल काहीही खाते, कारण तिला चवच नाही!"

सगळे हसायचे. मला मात्र ते लागायचं.

२०१४च्या वसंतात या क्लबात एक मराठी जोडपं आलं. उल्का मूळची कोल्हापूरची, हेर्त्सोगेनआउराखच्या एका मोठ्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात असताना ती एनसीसीत नेमबाजी करायची. तिचा नवरा गुरुदत्त पुण्याचा, न्युरेम्बर्गमध्ये सॉफ्टवेअरच्या कामाला. त्यांची भाषा मला कशी कळली, असं तुम्ही विचाराल. मला जो गालाशी धरतो, त्याचं बोलणं माझ्या लाकडात आपसूक उतरतं.

उल्काने कपाटात डोकावून थेट मागे हात घातला. "हिला कुणी वापरत नाही का?"

"तिला? ती माझ्यासारखीच म्हातारी झालीय," राइनहोल्ट म्हणाला. पण त्याचे डोळे लकाकले होते.

पहिल्या दिवशी तिने मला मांडीवर घेऊन नुसतं पुसलं. बोल्ट काढला, नळीतून तेलाचं फडकं फिरवलं, नळीच्या टोकावरच्या माशीवरची, म्हणजे नेम धरायच्या खुणेवरची, धूळ फुंकली. मग ती पोटावर आडवी झाली आणि मला खांद्याशी ओढलं. किती वर्षांनी मी कुणाचा श्वास ऐकत होते! तिचा पहिलाच नेम काळ्या वर्तुळात लागला. त्यानंतर दर शनिवारी ती माझ्यासाठी येऊ लागली.

गुरुदत्तचं वेगळं होतं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला एका जागी थांबवत नसे. बसला तर पाय हलायचा, उभा राहिला तर बोटं खिशातल्या फोनवर. ऑफिसात त्याचा प्रोजेक्ट दुसऱ्या शहरात हलणार होता म्हणे, आणि ती टांगती तलवार तो रेंजवरही घेऊन यायचा. त्याने एकदा मला हातात घेतलं, एक गोळी झाडली आणि म्हणाला, "छे, ही म्हणजे लोकल सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर आहे. एकेक गोळी भरत कोण बसणार?"

"अरे, त्या भरण्यातच मजा आहे," उल्का म्हणाली. "तेवढ्या वेळात डोकं शांत होतं."

"तुझं होत असेल. ते पिस्तूल बघ माझ्या हातात कसं बसतं! पाच शॉट्स, सटासट."

पिस्तुलाने त्याला भुरळ घातली होती. ट्राउडे त्याला शिकवायची. बोट चापाबाहेर ठेव, नळी समोर ठेव, काही अडलं तर हात वर कर. तो मान डोलवायचा, "हो, हो, बरोबर." तोवर त्याचं लक्ष निशाणाकडे गेलेलं असायचं. माझ्या शेजारच्या खणात ते पिस्तूल ठेवताना त्याचा हात किती घाईचा आहे, ते मी बघत होते. मला बोलता येत असतं तर!

जूनमध्ये क्लबाचा खुला दिवस होता. गावची माणसं मुलाबाळांसह आली होती. बाहेर सॉसेज भाजले जात होते, बँड सूर जुळवत होता. उल्काच्या सासूबाई, मनोरमाबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना शूटिंगच्या जागेमागे कठड्यापलीकडच्या बाकावर बसवलं होतं. अंगावर सुती साडी, त्यावर सुनेचं जॅकेट.

"आई, आता बघ हं," गुरुदत्त म्हणाला. "तुझा मुलगा काय करतो ते!"

"बघते रे. आधी कानाला हे काय लावलंय ते नीट कर, मला काही ऐकू येत नाही."

आमच्या लहानशा रेंजवर रायफलीच्या आणि पिस्तुलाच्या जागा शेजारी शेजारीच आहेत. उल्का मला घेऊन आडवी झाली होती. डावीकडे गुरुदत्त पिस्तूल घेऊन उभा होता. त्याच्या मागे ट्राउडे देखरेखीला. तेवढ्यात राइनहोल्ट तिथे आला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "बघा मंडळी, एकीकडे रायफल, एकीकडे पिस्तूल! आज निकाल लागूनच जाऊ दे!"

ट्राउडे त्याच्याकडे वळली. "निकाल कधीच लागलाय. तुला मान्य नाही, एवढंच." आणि दोघांची जुगलबंदी सुरू झाली. पाहुणे हसू लागले. कोण लवकर तापतं, कोण कमी अडकतं, कोणाचा धक्का गोड. माझं नावही त्यात दोनदा आलं. आणि गुरुदत्तकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही.

त्याच्या दोन गोळ्या सुटल्या. तिसरीला पिस्तूल अडकलं. नवं काडतूस तिरकं होऊन नळीत शिरतानाच अडलं होतं. त्याने दुसऱ्या हाताने वरचा भाग मागे ओढला, तो अर्ध्यातच राहिला, आणि त्याने तसाच धरून ठेवला. आई मागे बसलेली, लोक बघत असलेले. त्याचे कान लाल झाले. "ट्राउडे, हे बघ ना, अडकलंय!" असं म्हणत तो मागे वळला.

तो एकटा वळला नाही, मित्रांनो. पिस्तूलही त्याच्याबरोबर वळलं. आखूड नळी, मनगट फिरलं की फिरली. बोट चापावरच होतं. आणि नळीसमोर कठड्यापलीकडे मनोरमाबाई हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या.

उल्काने मान वळवली. माझा बोल्ट उघडा होता. मला तिथेच चटईवर सोडून ती गुडघ्यांवर उठली आणि परेडच्या मैदानावरच्या आवाजात ओरडली, "गुरु! नळी समोर! समोर!"

असा आवाज त्याने घरात कधी ऐकला नसावा. तो दचकून पुन्हा समोर फिरला. फिरता फिरता त्याच्या हातातून वरचा भाग सुटला, खटकन पुढे गेला, काडतूस आत बसलं, आणि दचकलेल्या बोटाने चाप ओढला.

ठो!

गोळी समोरच्या वाळूच्या ढिगाऱ्यात घुसली. वाळूचा एक लहानसा लोट उठला आणि खाली बसला.

मागे मनोरमाबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळच असा असतो. मग सुनेचा चेहरा त्यांना दिसला आणि त्यांचे हात थांबले.

ट्राउडेने हळूच पुढे होऊन पिस्तूल काढून घेतलं, रिकामं केलं, रेंज बंद केली. राइनहोल्ट काहीतरी बोलायला गेला, "मी म्हणत नव्हतो का, की पिस्तूल..."

"गप्प बस, राइनहोल्ट," ट्राउडे म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "पिस्तूल अडकणारच, कधी ना कधी. तेव्हा बघायला मी उभी होते. आणि मी तुझ्याशी भांडत होते." तिने दंडावरची देखरेखीची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. राइनहोल्टने मान खाली घातली. त्या दिवशी बँड वाजलाच नाही.

गुरुदत्त भिंतीला टेकून खाली बसला होता. उल्का मला पुसत होती. एकच जागा ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

"आईला नको सांगूस," तो पुटपुटला. "प्लीज. तिला काही कळलेलं नाही."

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस."

"उल्का, ती घाबरेल. आठवड्यात परत जायचं म्हणेल."

"म्हणू दे. ती तिथे बसली होती, गुरु. तिला माहीत असायला हवं."

 गुरुदत्त उठला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. पिस्तूल कुणीकडे वळलं होतं, बोट कुठे होतं, आणि उल्का ओरडली नसती तर काय झालं असतं. सांगताना पहिल्यांदाच त्याचा पाय हलत नव्हता.

मनोरमाबाई ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी कात्री द्यायचास, तेव्हासुद्धा टोक माझ्याकडेच असायचं तुझं. दर वेळी मी म्हणायचे, अजून लहान आहे." त्यांनी चष्मा काढला. "आता काय म्हणू रे मी?"

त्या रडल्या. मुलाने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. त्या सुनेकडे आल्या.

"अहो आई, पाणी आणू?" उल्काने विचारलं.

"नको. ही रिकामी आहे हे कसं ओळखायचं, ते दाखव मला."

उल्काने बोल्ट मागे ओढून माझं आतलं घर त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावून निरखून बघितलं, आत करंगळी घालून खात्री केली आणि मगच त्या माझ्यापासून अर्ध्या हातावर बसल्या. घरी जायची वेळ होईपर्यंत त्या गुरुदत्तशी बोलल्या नाहीत.

क्लबाने त्याला रेंजवर बंदी केली. पुन्हा यायचं तर सगळं मुळापासून शिकायचं, अशी अट घातली. उन्हाळा गेला. उल्काही फारशी आली नाही. कपाटात मी आणि ते पिस्तूल शेजारी शेजारी उभे होतो. मला त्याचा राग आला नाही. ते जसं घडवलं होतं तसंच वागलं होतं. पण माझी तगमग वाढली. दार वाजलं की मी दचकायचे. कोण असेल, हात कसा असेल?

ऑक्टोबरात मक्याची कापणी झाली आणि एका शनिवारी दुपारी गुरुदत्त आला. त्याचा प्रोजेक्ट खरंच दुसऱ्या शहरात गेला होता, त्याने नवी नोकरी शोधली होती. उल्का बरोबर होती. राइनहोल्ट त्याला शिकवणार होता, आणि ट्राउडे मागे उभी होती, दंडावर पुन्हा पट्टी बांधून. त्या दिवशी कुणी वाद घातला नाही.

"पिस्तूल नंतर," राइनहोल्ट म्हणाला. "आधी ही."

आणि गुरुदत्तने मला उचललं. मी किती घाबरले होते, सांगता येत नाही. त्याने नळी समोर ठेवली. बोल्ट ओढून आत बघितलं. मला चटईवर घेऊन तो आडवा झाला. एक काडतूस, एक श्वास, एक गोळी. परत. त्याच्या छातीचे ठोके माझ्या दस्त्याला कळत होते. सावकाश ते मंदावले.

मग त्याने पुढचं काडतूस भरलं आणि चाप दाबला.

टक्.

गोळी सुटली नाही. मित्रांनो, मी, भरवशाची म्हणून नाव असलेली रायफल, त्याच वेळी फसले. काडतुसाच्या बुडावर आघात करणारी माझी आतली पिन झिजली होती.  काडतूस फुटलं नाही तरी ते उशिरा फुटू शकतं. आता या माणसाने मान वळवली, मला वळवलं, तर?

गुरुदत्त हलला नाही. बोट चापाबाहेर काढून त्याने नळी निशाणाकडेच ठेवली आणि डावा हात वर केला.  या वेळी त्याने हाकही मारली नाही. चटईवर नुसता पडून राहिला, हात वर धरून, समोर बघत. हात भरून आला, तरी त्याने तो खाली घेतला नाही. ट्राउडे शेजारी येऊन बसली आणि "आता उघड" म्हणाली, तेव्हाच त्याने बोल्ट मागे ओढला.

राइनहोल्टने न फुटलेलं काडतूस उचलून उजेडात धरलं. "रायफलीने दगा दिला," तो हळूच म्हणाला.

"हो," ट्राउडे म्हणाली. "पण त्याने नाही दिला."

उल्काने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तिने फोन काढून पुण्याला लावला. "अहो आई," ती म्हणाली, "हा आज थांबला." आणि तिने फोन त्याच्याकडे दिला.

माझ्यात बसेल अशी पिन आता कुठे बनत नाही. न्युरेम्बर्गचा कारागीर बघून सांगेल, मी दुरुस्त होईन की माझी नळी बुजवून मला भिंतीवर टांगतील. त्याची वाट बघत मी कपाटात उभी आहे. पावलं वाजली की अजूनही बेचैन होते.

मित्रांनो, रायफल चांगली की पिस्तूल, यावर तुम्ही खुशाल भांडा. आम्हाला पुसून, तेल देऊन, कुलपात ठेवा. तरी आम्ही दोघंही कधीतरी फसणारच, हे धरून चाला. म्हणून जो आम्हाला हातात घेतो त्याने घाई करू नये. आणि जो त्याच्यावर लक्ष ठेवायला उभा आहे, त्याच्याशी तेवढा वेळ कुणी बोलू नये.