पॉरफिरिनच्या कुपीची साक्ष

मी एक कुपी आहे. बोटाएवढी उंच, चौकोनी, पोटात छोटा चमचाभर द्रावण मावेल एवढीच. प्रयोगशाळेत मला क्युव्हेट म्हणतात, पण तुम्ही आपलं कुपीच म्हणा. मी साध्या काचेची नाही हं, क्वार्ट्झची आहे. माझ्या दोन भिंती खरबरीत, हातानं धरण्यासाठी. उरलेल्या दोन इतक्या नितळ की त्यांना बोटसुद्धा लावायचं नसतं. त्यांच्यातून उजेड आरपार जाऊ द्यायचा, एवढंच माझं काम.

मी आणि माझी जुळी बहीण एकाच मखमली डबीतून जळगावच्या एका महाविद्यालयात आलो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमचा ताबा ज्योत्स्नाकडे आला. सावद्याकडची केळीवाल्यांची मुलगी, पीएच.डी. करणारी. पाच वर्षं तिनं आम्हांला स्वतःच्या हातांनी धुतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

तिचा विषय पॉरफिरिनचा. हे एक कडं असतं, अणूंनी गुंफलेलं, मधोमध धातूला बसायला जागा असलेलं. त्या जागी लोखंड बसलं की आपल्या रक्ताचा लाल रंग होतो. थोडं वेगळं कडं घेऊन त्यात मॅग्नेशियम बसवलं की केळीच्या पानाचा हिरवा. देवानं एकाच घडणीतून दोन्ही केलं, याचं मला फार नवल वाटतं.

ज्योत्स्ना ते कडं स्वतः बनवायची. उग्र वासाच्या आम्लात दोन रसायनं उकळायची. डांबरासारखा काळा गाळ व्हायचा, आणि गाळताना त्यातून जांभळे चमकते कण वर राहायचे. शंभर भागांतून वीस हाती आले तरी ती खूश. मग त्या कड्यात ती एकेक धातू बसवी. जस्त, तांबं, निकेल, कोबाल्ट. बसला की नाही ते मी सांगायचं. फिकट रंगाचं द्रावण माझ्यात भरायचं, शेजारी बहिणीत नुसतं द्रावक, आणि आम्हां दोघींतून उजेड सोडायचा. कागदावर एक मोठं शिखर उमटतं, पुढे चार लहान. धातू नीट बसला की चारांची दोन होतात. ती दोन झाली की ज्योत्स्ना टाळी वाजवायची, एकटीच.

शेवटची मोजमापं तेवढी राहिली होती. चारही धातूंच्या मोठ्या शिखराची नेमकी उंची. आमचं यंत्र बिघडलेलं, म्हणून धुळ्याच्या एका संस्थेत दसऱ्यानंतरचा एक दिवस मिळाला होता. तिथून पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा. वाढीव मुदती सगळ्या संपल्या होत्या. त्या तारखेला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा असते. त्या वर्षी ज्योत्स्नाची आई आली, पुष्पाबाई. लेक डॉक्टर होईपर्यंत या बाईंनी भात सोडला होता. हातात तबक, डोक्यावर पदर, दारातच चपला काढल्या.

"कोणतं ग तुझं हत्यार?"

"ही, आई. हिच्याशिवाय माझं पानही हलत नाही."

"एवढीशी? आपल्या बागेतला विळा तरी बरा, दिसतो तरी." सगळे हसले. प्रयोगशाळेतले परिचर लोटनभाऊ तर सर्वांत मोठ्यानं.

ज्योत्स्ना प्रसाद वाटायला वळली. पुष्पाबाईंनी मला अलगद उचललं. एका खरबरीत अंगाला कुंकू लावलं, मग मला फिरवून नितळ अंगाला हळदीचं बोट. त्यांना कोण सांगणार? मला तोंड नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटलं. पाच वर्षांत माझी कुणी पूजा केली नव्हती.

निघताना त्या म्हणाल्या, "पूजेचं पुसू नको हं. आपोआप जाऊ दे."

ज्योत्स्नानं ऐकलं. धुळ्याला निघताना मला आतून तीनदा धुतलं, बाहेरून पुसलं नाही. कुंकू खरबरीत बाजूला दिसत होतं, तिला वाटलं हळदही तिकडेच असेल.

धुळ्याला यंत्रावर गर्दी. बेसलाइन म्हणजे मोजणीआधीची नुसत्या द्रावकाची कोरी नोंद. "बेसलाइन सकाळचीच आहे, चालेल," असं तिथला माणूस म्हणाला, आणि घाईत ती मान्य झाली. आधी मला नुसतं द्रावक भरून तपासलं असतं, तर मी तेव्हाच सांगितलं असतं. हळद ज्या रंगाचा उजेड गिळते तो नेमका मोठ्या शिखराच्याच जागेचा. चारही धातूंची मोठी शिखरं उंच आली. ज्योत्स्नाचा चेहरा फुलला. लोटनभाऊ सोबत आले होते, त्यांनी मला डबीत ठेवण्याआधी मऊ कागदानं पुसलं. कागद पिवळा झाला.

"ताई, हाई पिव्वं काय शे?"

ज्योत्स्नानं कागद हातात घेतला. वास घेतला. आणि खुर्चीवर बसली.

पुन्हा मोजायचं म्हटलं तर पुढचा माणूस उभा, आणि उद्यापासून यंत्र दुरुस्तीला, दिवाळीनंतर या. हळद किती होती ते वजा करावं, तर ती पुसली गेलेली. तिनं दोन-तीन ठिकाणी फोन केले. कुणी दिवाळीनंतर म्हणालं, कुणी उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी आमची डबी हातात धरून ती ललित सरांपुढे उभी राहिली. ते तिचे मार्गदर्शक, मनानं वाईट नव्हेत.

"शिखर जागेवर आहे ना? उंचीत जरा इकडेतिकडे. कोण बघायला बसलंय?"

"मी बघितलंय ना, सर."

"लागली कशी हळद?"

"माझाच हात लागला."

आईसाठी बोललेलं ते खोटं ऐकून, माझ्यातून पहिल्यांदाच काही आरपार गेलं नाही, असं मला वाटलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "मुदत संपेल, ज्योत्स्ना."

"हो, सर."

आणि ती संपली.

महिन्याभरानं ती टेबल आवरायला आली. पुस्तकं उचलू लागायला पुष्पाबाई सोबत. त्या थकल्या दिसत होत्या. आपल्या व्रतातच काही उणं राहिलं, असं धरून त्यांनी आता रात्रीचं जेवणही सोडलं होतं, तसं त्या बोलून गेल्या. हे ऐकून लोटनभाऊंना राहवलं नाही.

"अक्का, तुमनं व्रत काय करी? त्या हळदनं बठ्ठं बिघडनं."

ज्योत्स्ना ओरडली, "भाऊ!" पण उशीर झाला होता.

पुष्पाबाईंच्या हातातलं पुस्तक टेबलावर टेकलं. "कोणती हळद?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू आई? तू देवाचंच केलं होतंस."

"देवाचं केलं, पण तुला विचारून नाही केलं." पदर तोंडाला लावून त्या तिथंच स्टुलावर बसल्या. ज्योत्स्ना त्यांच्या पायाशी बसली. माय-लेकी किती वेळ रडल्या, ते मी सांगत नाही.

मग पुष्पाबाई उठल्या आणि सरळ सरांच्या दाराशी गेल्या. "साहेब, पुन्हा पहिल्यापासून नाव घालता येतं का?"

"येतं, ताई. जूनमध्ये. पण सगळं पहिल्यापासून."

"हिला एकतीस पूर्ण झालीत. लोक काय म्हणायचं ते म्हणतील." मागे वळून लेकीला म्हणाल्या, "तू काय म्हणतेस?"

"घरी गेल्यावर सांगते, आई."

जाताना पुष्पाबाई माझ्यापाशी थांबल्या. हातभर लांबूनच हात जोडले. पुढे वाकल्या नाहीत, बोट पुढे केलं नाही.

आता जून उलटून गेला आहे. ज्योत्स्ना अजून आलेली नाही. अर्ज भरला की नाही, हे मला कोण सांगणार? मी डबीत पडून आहे. पुष्पाबाई, तुमच्या भक्तीत खोट नव्हती, एवढं तुमच्या कानी जावं. तुम्ही रात्रीचं जेवण पुन्हा सुरू केलं असेल, अशी मी आशा धरते. आणि प्रयोगशाळेतल्या मुलींनो, माझी एक विनवणी ऐका. आईला नुसतं पूजेच्या दिवशी बोलावू नका. पहिल्याच आठवड्यात आणा, शेजारी स्टूल द्या, आणि चारांची दोन शिखरं होताना तिला दाखवा. टाळी वाजवायला तेवढंच कुणी सोबत असेल.