दाराकडं तोंड केलेला बैल

सौंसरच्या समाजभवनात दर रविवारी मी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. आधी मला वाटायचं, चित्र काढणं म्हणजे हाताला वळण लावणं. मग नागपूरहून तृप्ती नावाची मुलगी आम्हा वर्ग घेणाऱ्यांना शिकवायला आली आणि म्हणाली, "बाई, चित्र चांगलं की वाईट ते सांगू नका. 'याच्याबद्दल सांग' एवढंच म्हणा आणि थांबा." तेव्हापासून मी थांबायला शिकले. वर्ग सुरू होताना प्रत्येक मूल रंगात बोट बुडवतं आणि आज मनाचा जो रंग असेल तो कागदावर लावतं. बोलावंसं वाटलं तर बोलतं.

मोहगावहून येणारी शिवानी दर वेळी पांढरा रंग लावायची. पांढऱ्या कागदावर पांढरं बोट. ती काही बोलत नसे. तिचा मोठा भाऊ विनोद मागच्या दिवाळीत त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात साप चावून गेला, हे मला माहीत होतं.

पोळा जवळ आला तेव्हा मी मुलांना घरचे जुने लाकडी बैल आणायला सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्या दिवशी मुलं चाकांवरचे बैल ओढत घरोघर जातात. ते बैल इथेच रंगवू, म्हटलं. दुखवट्याच्या घरात वर्षभर सण नसतो, बैलही बाहेर निघत नाही, हे मी सांगताना विसरले. शिवानीनं ओढणीत गुंडाळून एक बैल आणला. एक कान तुटलेला, मागचं चाक वाकडं.

"याच्याबद्दल सांग," मी म्हटलं.

"दादाचा आहे." मग हळूच, "आईले सांगू नका बाई. मी घरी दादाचं नाव नाही घेत. आई रडंन."

मी कबूल केलं. सगळे बैल वाळायला भिंतीशी ओळीनं ठेवले, तोंडं भिंतीकडं.

पुढच्या रविवारी दार उघडलं तर बाकीचे बैल तसेच होते. विनोदच्या बैलाचं तोंड दाराकडं.

"बाई, हा तं फिरला!" राजू ओरडला.

"चाक वाकडं आहे त्याचं, घसरला असंन," मी म्हटलं.

"वाकड्या चाकानं एवढा गोल फिरते का? घरी जायाची घाई दिसते त्याले." मुलं हसली. शिवानी हसली नाही. तिनं त्या दिवशी बैलाचं एक शिंग निळं रंगवलं आणि जाताना त्याचं तोंड स्वतः भिंतीकडं केलं.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चौकीदार भिवाजीला विचारलं तर तो नजर चुकवून म्हणाला, "मले का मालूम बाई? चाबी तर माह्याजवळच राह्यते."

त्या दिवसांत मला इंदू फार आठवली. इंदू माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी शिवानीएवढीच होते. आमच्या पांढुर्ण्याच्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. आई रडेल म्हणून आम्ही, आम्ही घाबरू म्हणून आई. तिची झबली कुठं गेली तेही कोणी विचारलं नाही. आता ते घर रिकामं झालं आहे, आणि तिला पाहिलेलं माणूस म्हणून मी एकटीच उरले. मी शेकडो मुलांना चेहरा काढायला शिकवला, पण इंदूचा काढायला बसले की कपाळापाशीच पेन्सिल थांबते. पुढं काही दिसत नाही.

बाजाराच्या दिवशी चष्मा राहिला म्हणून मी दुपारी भवनात गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, चर्र, चर्र, थांबून पुन्हा चर्र. मी दार ढकललं.

शिवानीची आई अमिता जमिनीवर बसली होती. बाजाराची पिशवी बाजूला, हातात बैलाची दोरी. ती बैल थोडा पुढं ओढत होती, थोडा मागं सोडत होती.

"भिवाजीभाऊले बोलू नका बाई," ती उठत म्हणाली. "मीच हातापाया पडली त्याच्या."

"बस व. बैल इथं आहे हे तुला कसं कळलं?"

"पोट्टीनं पेटीतून काढून इकडं आणला तवाच पाह्यलं. मी काही बोलली नाही. सासूबाई म्हणते, पोरीसमोर रडू नको, ते डरून जाईन. मंग बाजाराच्या दिवशी इथं येऊन बसतो घडीभर."

"आणि जाताना त्याचं तोंड दाराकडं करून जातेस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "नाई बाई. भिंतीकडंच ठेवतो, होता तसा. शिवानीले समजू नये म्हणून."

आम्ही दोघी बैलाकडं पाहत राहिलो. बाहेर भाजीवाल्यांचा गलका चालू होता, तरी मला त्या खोलीत अजून कोणी श्वास घेत असल्यासारखं वाटलं.

शिवानीला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "रविवारी वर्गाला ये. आयांनाही बसता येतं."

रविवारी ती आली, दारातच उभी राहिली. शिवानीनं आईला पाहताच बैलावर ओढणी टाकली आणि वर हात ठेवून बसली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. अमिता जवळ आली, खाली बसली आणि ओढणी उचलली. ती आता रडेल आणि पोर पुन्हा मिटून जाईल, अशी मला भीती वाटली.

"शिंग निळं कायले केलं व?" अमितानं विचारलं.

"दादाले निळा आवडे."

"निळा? विनोदले हिरवा आवडे. निळा तुले आवडते."

"नाही! मले सांगे तो."

"तुले फसवे तो. हिरव्या सदऱ्यासाठी बापाशी भांडला नव्हता का?"

"तो सदरा तं त्यानं बकरीले घातला होता, आई!"

अमिताला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. शिवानी घाबरून तिच्याकडं बघत राहिली. मग आईच्या गालावर तिनं रंगानं भरलेलं बोट टेकवलं. डाग निळा पडला. आई रडत होती, पण उठून गेली नाही.

"बैल मिरवाचा नाही अवंदा," अमिता नाक पुसत म्हणाली. "पण दुसरं शिंग हिरवं करू. अन् सांग मले, अजून काय काय सांगे तो तुले?"

शिवानीनं आधी दाराकडं पाहिलं. मग आईच्या मांडीला मांडी लावून बसली आणि सांगायला लागली.